खिशांतील दप्तरखाना

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. मधल्या सुटींत आम्ही वह्या तपाशीत बसलों असतां नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी दाराशीं येऊन उभा राहिला. “सर, फोन साफ केला तर आजीचा आवाज पुसला जातो का?” असें त्यानें एका दमांत विचारलें. प्रश्न ऐकून आम्हांस प्रथम कांहींच उमगेना. त्याला जवळ बसवून घेतलें व हळूहळू सर्व हकीकत काढून घेतली.

त्याची आजी मुळशी तालुक्यांत राहत असे. तिला लिहितां येत नव्हतें. परंतु शेजारच्या सुनेच्या मदतीनें व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठविण्यास ती शिकली होती. कधीं पावसाची खबर, कधीं म्हशीची, आणि मन प्रसन्न असलें म्हणजे जात्यावरची एखादी ओवी, असे तिचे निरोप दोन वर्षें येत राहिले. उन्हाळ्यांत ती वारली. ते सर्व निरोप वडिलांच्या फोनांत होते. आणि तो फोन आतां “जागा शिल्लक नाहीं” असें रोज बजावीत होता. गल्लींतील दुरुस्तीवाल्यानें सांगितलें होतें, “आणून द्या, सगळें साफ करून देतों.” दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं वडील फोन घेऊन त्याच्याकडे जाणार होते.

आम्हीं त्या मुलास इतकेंच सांगितलें कीं, उद्यां दुकानीं जाण्यापूर्वीं वडिलांस घेऊन शाळेंत ये. त्या सायंकाळीं आम्हीं स्वतःचा फोन पुढ्यांत घेऊन ह्या विषयाचा शक्य तितका अभ्यास केला. त्यांतून जें हातीं लागलें तें येथें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहों. कारण हा प्रश्न एका घरचा नाहीं. आज आपलीं पत्रें, छायाचित्रें, हिशेब आणि गेलेल्या माणसांचे आवाज हीं सर्व खिशांतील एका लहानशा पेटींत आहेत, आणि त्या पेटींत कोणती वस्तु कोठें ठेविलेली आहे, हें बहुतेकांस ठाऊक नसतें.

आरंभींच एक कबुली दिलेली बरी. सुमारें सात वर्षें आम्हीं टिपणें लिहिण्याच्या एका ॲपमध्यें, मुलांच्या बोलण्यांतून कानीं पडलेले निरनिराळ्या गांवचे मराठी शब्द जमविले होते. एके दिवशीं तें ॲप अडखळूं लागलें म्हणून आम्हीं सेटिंग्जमध्यें जाऊन घाईघाईनें एक कळ दाबली. कळीवर जें लिहिलें होतें तें आम्हीं वाचलें होतें, पण समजून घेतलें नव्हतें. ॲप पुनः नव्यासारखें उघडलें, आणि सात वर्षांचे शब्द गेले ते गेलेच. म्हणून पुढील मजकूर शहाणपणाच्या अधिकारानें नव्हे, तर ठेच लागलेल्या माणसाच्या अधिकारानें सांगत आहों.

ॲप म्हणजे फोनांत विशिष्ट काम करण्यासाठीं बसविलेला कार्यक्रम. प्रत्येक ॲपला आपल्या वस्तु ठेवण्यास जागा लागते. ती जागा म्हणजेच त्याचें फोल्डर. हें समजण्यास पुण्याच्या जुन्या वाड्याची कल्पना फार उपयोगी पडते. सदाशिव पेठेंतील किंवा कसब्यांतील एखादा भाडेकऱ्यांनीं भरलेला वाडा डोळ्यांपुढें आणा. मधोमध चौक, तेथें कोणीहि यावें, बसावें. चौकाभोंवतीं पडवी, ती एकेका बिऱ्हाडाच्या वापराची, पण येणाऱ्या-जाणाऱ्यास दिसणारी. पडवीच्या आंत बाहेरची खोली. तेथें परका माणूस सहसा जात नाहीं. आणि त्याच्याहि आंत माजघर. तेथें बिऱ्हाडकरूखेरीज कोणाचा पाय पडत नाहीं.

अँड्रॉइड फोनाची रचना पुष्कळशी अशीच आहे. “डाउनलोड”, “डीसीआयएम”, “पिक्चर्स”, “डॉक्युमेंट्स” हीं फोल्डरें म्हणजे चौक. कॅमेऱ्यानें काढलेलें छायाचित्र “डीसीआयएम”मध्यें जातें, तें सर्वांस दिसतें. ह्याच अंगणांत “अँड्रॉइड” नांवाचें एक फोल्डर असतें व त्याच्या पोटांत “मीडिया”, “डेटा” आणि “ओबीबी” अशीं तीन फोल्डरें आढळतात. “मीडिया” ही पडवी, आणि “डेटा” ही बाहेरची खोली. “ओबीबी”मध्यें मोठमोठ्या खेळांचें अवजड सामान ठेवलेलें असतें. त्याच्याशीं आपल्याला कर्तव्य नाहीं. माजघर मात्र ह्या अंगणांतून दिसतच नाहीं. तें फोनाच्या आंतल्या भागांत, दुसऱ्याच एका “डेटा” फोल्डरांत असतें, आणि त्याची किल्ली फोनाच्या मालकापाशींहि नसते.

ह्यावर विद्यार्थी सहज विचारील कीं, फोन माझा, पैसे माझे, मग माझ्याच घरांतील खोली मला बंद कां? उत्तर असें. अँड्रॉइड हें लिनक्स नांवाच्या पायावर उभें आहे, आणि तो पाया १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडांतील विद्यार्थ्यानें रचण्यास आरंभ केला. एकाच यंत्रावर अनेक माणसें काम करीत असतां एकाचे कागद दुसऱ्यानें चाळूं नयेत, ह्याची व्यवस्था तशा प्रणालींत मुळापासूनच असते. अँड्रॉइडकर्त्यांनीं तिचा मोठ्या चतुराईनें उपयोग केला. फोनाचा मालक एकच असतो; म्हणून त्यांनीं प्रत्येक ॲपलाच एक स्वतंत्र माणूस मानिलें व त्याला स्वतंत्र क्रमांक दिला. बँकेच्या ॲपचे कागद खेळाच्या ॲपला दिसत नाहींत तें ह्यामुळें. मालकाच्या हातीं माजघराची किल्ली दिली, तर मालकाचा वेष घेऊन येणाऱ्या चोरासहि ती मिळेल. तेव्हां हें कुलूप आपल्याविरुद्ध नसून आपल्यासाठींच आहे.

बाहेरची खोली पूर्वीं इतकी बंद नव्हती. अंगणांत येण्याची परवानगी मिळालेलें कोणतेंहि ॲप तेथें डोकावूं शके. पुढें २०१९ सालच्या अँड्रॉइड १० पासून हें स्वातंत्र्य आंखडण्यास प्रारंभ झाला, आणि २०२० सालच्या अँड्रॉइड ११ मध्यें नियम सक्तीचा झाला. तेव्हांपासून बाहेरून घेतलेल्या फाइल-व्यवस्थापक ॲपला “अँड्रॉइड”मधील “डेटा” फोल्डर सामान्यतः उघडतां येत नाहीं. जुन्या माहितीवर विसंबून कित्येक लोक तेथें शोध घेतात, फोल्डर रिकामें दिसतें, आणि आपला ठेवा नाहींसा झाला असें समजून ते घाबरतात. तो नाहींसा झालेला नसतो. दार तेवढें लावलेलें असतें.

आतां ह्या खोल्यांवरील पाट्या कशा वाचाव्या तें पाहूं. “अँड्रॉइड”मधील “मीडिया” उघडलें असतां “व्हॉट्सॲप” अशी साधी पाटी न दिसतां “कॉम.व्हॉट्सॲप” अशी दिसते, टेलिग्रामची पाटी “ऑर्ग.टेलिग्राम.मेसेंजर” अशी असते. हीं नांवें इंटरनेटवरील पत्ता उलटा लिहून केलेलीं असतात. आपण पत्ता लिहितांना आधीं घर, मग पेठ, मग शहर असें लिहितों. येथें आधीं शहर, मग पेठ, शेवटीं घर. असें केल्यानें जगांतील दोन ॲप्सचीं नांवें सारखीं होण्याचा प्रसंग टळतो. एवढी खूण लक्षांत ठेविली म्हणजे पाट्यांच्या गर्दींतून हवी ती खोली शोधण्यास वेळ लागत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तो विद्यार्थी व त्याचे वडील आले. “सर, हा रोज माझ्यामागें लागलाय, पण फोन तर चालायला पाहिजे ना?” असें वडील म्हणाले. त्यांचेंहि म्हणणें खोटें नव्हतें. फोनावरच त्यांचा धंदा चालत होता. आम्ही तिघे बाकावर बसलों, आणि पुढीलप्रमाणें एकेक पायरी चढत गेलों.

प्रथम फोनांतील फाइलींचें ॲप उघडलें. कांहीं फोनांत त्याचें नांव “फाइल्स” असतें, तर कांहींत “माय फाइल्स”. त्यांतून “अंतर्गत स्टोरेज” ह्या भागांत गेलों. तेथील “अँड्रॉइड”, त्यांतील “मीडिया”, त्यांतील “कॉम.व्हॉट्सॲप”, त्यांतील “व्हॉट्सॲप”, व त्यांतील पुनः “मीडिया” अशा पांच पायऱ्या उतरलों. जुन्या फोनांत “व्हॉट्सॲप” हें फोल्डर थेट अंगणांतच असे. नवे नियम आल्यानंतर तें पडवींत गेलें. ह्या शेवटल्या “मीडिया”मध्यें छायाचित्रें, चलच्चित्रें, कागदपत्रें व बोललेले निरोप ह्यांचीं वेगवेगळीं फोल्डरें असतात. बोललेल्या निरोपांच्या फोल्डरास “व्हॉट्सॲप व्हॉइस नोट्स” असें नांव आहे.

तें उघडतांच सहा-सहा अंकांच्या पाट्या दिसूं लागल्या. वडील गोंधळले. परंतु ह्या अंकांत गूढ कांहीं नाहीं: पहिले चार अंक वर्षाचे आणि पुढील दोन त्या वर्षांतील आठवड्याचे. “२०२४०७” म्हणजे २०२४ सालचा सातवा आठवडा. प्रत्येक आठवड्याच्या पोटांत त्या-त्या दिवसांच्या फाइली, व प्रत्येकीच्या नांवांत तारीख. मात्र निरोप कोणी पाठविला ह्याचा तेथें उल्लेख नसतो. आजीची फाइल आणि दूधवाल्याची फाइल शेजारीं-शेजारीं, सारख्याच वेषांत बसलेल्या असतात. कोणता आवाज कोणाचा, ही नोंद ॲपच्या माजघरांतील वहींत असते.

ह्या ठिकाणीं पुण्याच्या पेशवे दफ्तराची आठवण आल्यावांचून राहत नाहीं. आपल्या शहरांतील ह्या दफ्तरखान्याची इमारत १८९१ सालीं उभी राहिली. मराठेशाहीचे कागद तेथें फडक्यांत बांधून ठेवले आहेत. त्या गाठोड्यांस “रुमाल” म्हणतात. हे कागद आपल्याच पूर्वजांचे, आपल्याच गांवांत होते. तरी दीर्घ काळपर्यंत सामान्य अभ्यासकास त्यांचें दार मोकळें नव्हतें. पुढें गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनीं सहकाऱ्यांसह ते रुमाल चाळले व त्यांतील निवडक कागद १९३० ते १९३४ ह्या काळांत ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. ह्यांत तीन निरनिराळीं कामें होतीं. एक, दार उघडून आंत जाणें. दुसरें, कोणत्या रुमालांत काय आहे तें शोधणें. आणि तिसरें, सांपडलेला मोडी कागद वाचणें. ज्यास मोडी येत नाहीं, त्याच्या हातीं अस्सल पत्र दिलें तरी तें त्याला मुकेंच.

फोनाच्या दफ्तराविषयींहि हेंच तिहेरी सूत्र लक्षांत ठेवावें. सांपडणें ही एक गोष्ट, ओळखणें दुसरी, आणि वाचतां येणें तिसरी. आवाजाची फाइल “ओपस” ह्या सर्वांस खुल्या असलेल्या पद्धतीनें साठविलेली असते. ती व्हीएलसीसारख्या फुकट मिळणाऱ्या वादकावर कोणासहि ऐकतां येते. उलट, “व्हॉट्सॲप” फोल्डरांतच “डेटाबेसेस” नांवाचें एक फोल्डर असतें व त्यांत सर्व लेखी संभाषणांच्या प्रती असतात. त्या मात्र सांकेतिक लिपींत कुलूपबंद केलेल्या असतात. त्यांची किल्ली माजघरांत असल्यामुळें ती फाइल संगणकावर नेली तरी उघडत नाहीं. ही फाइल फोडून देण्याचा दावा करणारे बाजारांत पुष्कळ भेटतात. त्यांच्या हातीं आपला फोन देणें म्हणजे घराच्या किल्ल्या रस्त्यावर टाकणें होय.

मग आजीचे निरोप ओळखावे कसे? आम्हीं दोन वाटा योजिल्या. पहिली अशी कीं, बोललेल्या निरोपांचें सबंध फोल्डरच उचलून प्रत करावें. निवड मागाहून सावकाश करतां येते. दुसरी वाट ॲपच्या आंतून जाते. आजीबरोबरचें संभाषण उघडून, वरच्या कोपऱ्यांतील तीन ठिपक्यांवर बोट ठेवून, “चॅट एक्स्पोर्ट करा” ही आज्ञा द्यावी व “मीडियासह” असें निवडावें. असें केलें म्हणजे ॲप स्वतःच माजघरांतील वही पाहून त्या एका माणसाचे शब्द व आवाज एकत्र बांधून देतें. फार मोठें संभाषण असल्यास ह्या मार्गानें सर्व मजकूर येत नाहीं, म्हणून दोन्ही वाटा चोखाळाव्या हें उत्तम.

प्रत करतांना एक दक्षता अवश्य घ्यावी. “प्रत करा” आणि “हलवा” ह्या दोन आज्ञा शेजारीं-शेजारीं असतात. “हलवा” म्हटलें म्हणजे मूळ जागेवरून फाइल निघते, आणि मग ॲपमध्यें त्या निरोपावर बोट ठेविलें असतां फाइल नाहीं असें उत्तर मिळतें. आधीं प्रत करावी, ती दुसऱ्या यंत्रावर उघडून ऐकावी, आणि मगच मूळ हलविण्याचा विचार करावा.

प्रत संगणकावर नेण्यास केबल पुरते. केबल जोडली असतां फोनाच्या पडद्यावर सूचना येते. तींत “फक्त चार्जिंग” हें सोडून “फाइल ट्रान्सफर” निवडावें. विंडोज संगणकावर फोन मग एखाद्या पेटीसारखा दिसूं लागतो व त्यांतील फोल्डरें उघडतां येतात. कित्येक फोनांत ह्या मार्गानें “डेटा” ही बाहेरची खोलीहि दिसते, जी फोनाच्या पडद्यावरून दिसत नव्हती. फोल्डर रिकामें दिसल्यास प्रथम फोनाचें कुलूप उघडें आहे कीं नाहीं तें पाहावें. कारण कुलूप लावलेला फोन संगणकाला आंतील कांहीं दाखवीत नाहीं.

आणखी एक बारीक गोष्ट सांगावयाची राहिली. ज्या फोल्डराच्या नांवाआधीं टिंब असतें, तें लपलेलें असतें. फाइलींच्या ॲपमधील सेटिंग्जमध्यें “लपविलेल्या फाइली दाखवा” अशी कळ असते. ती चालू केली म्हणजे हीं फोल्डरें प्रकट होतात. तसेंच एखाद्या फोल्डरांत “नोमीडिया” नांवाची रिकामी फाइल असली, तर त्यांतील चित्रें गॅलरींत दिसत नाहींत. “गॅलरींत नाहीं म्हणजे फोनांत नाहीं” हा समज किती फसवा आहे, हें ह्यावरून कळून येईल.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. फोन भरला, तो हलका करावा कसा? सेटिंग्जमध्यें “ॲप्स” ह्या सदराखालीं ॲपचें नांव निवडून “स्टोरेज” उघडलें असतां दोन कळा दिसतात. एकीवर “कॅश साफ करा” असें, आणि दुसरीवर “स्टोरेज साफ करा” किंवा “डेटा साफ करा” असें लिहिलेलें असतें. ह्या दोहोंत केर काढणें आणि घर रिकामें करणें इतकें अंतर आहे. कॅश म्हणजे ॲपनें आपल्या सोयीसाठीं तात्पुरता हाताशीं ठेवलेला पसारा. तो काढला तरी ॲप तो पुनः जमवितें. दुसरी कळ मात्र माजघरांतील वही, बाहेरच्या खोलींतील सामान, सर्व कांहीं बाहेर फेंकते. आमचे सात वर्षांचे शब्द ह्याच दुसऱ्या कळीनें गेले. ॲप काढून टाकणें म्हणजे बिऱ्हाड हलविणें. त्यांतहि माजघर जातें. पडवींतील सामान वांचेल ह्या भरंवशावर कोणी राहूं नये.

वडिलांच्या फोनांत आम्हीं हीं मोजमापें काढून पाहिलीं. जागा कशानें भरली होती? आजीच्या निरोपांनीं नव्हे. बोललेला एखाद्या मिनिटाचा निरोप एका मेगाबाइटाचा लहानसा अंश असतो. उलट सकाळच्या शुभेच्छांबरोबर येणारें एखादें चलच्चित्र अशा कित्येक निरोपांची जागा एकटें व्यापतें. गटागटांतून आलेलीं व एकदांहि न पाहिलेलीं चलच्चित्रें काढून टाकतांच फोन मोकळा झाला. “म्हणजे आईला काढायची गरजच नव्हती,” असें वडील हळूच म्हणाले, आणि थोडा वेळ कोणीच कांहीं बोललें नाहीं.

आयफोन वापरणाऱ्यांसाठीं दोन शब्द. त्या वाड्यांत कुलपें अधिक आहेत. २०१७ सालच्या आयओएस ११ पासून “फाइल्स” नांवाचें ॲप त्यांत आलें व “माझ्या आयफोनवर” ह्या भागांत कांहीं ॲप्सचीं फोल्डरें दिसूं लागलीं. परंतु ज्या ॲपच्या कर्त्यानें दाखविण्याची मुभा दिली असेल, त्याचेंच फोल्डर तेथें येतें. इतरांच्या बाबतींत त्या-त्या ॲपमधील “एक्स्पोर्ट” किंवा “शेअर” ह्या आज्ञांचाच आश्रय घ्यावा लागतो.

कांहीं धाडसी विद्यार्थी म्हणतील, “माजघराचें दारहि फोडतां येतें, त्यास रूट करणें म्हणतात.” खरें आहे. परंतु त्यासाठीं फोनाचें मूळ कुलूप उघडतांना बहुधा आंतील सर्व सामान पुसलें जातें. म्हणजे जें वांचवावयाचें तेंच प्रथम बळी पडतें. शिवाय सुरक्षिततेची भिंत पडल्यामुळें बँकेचीं व पैसे देण्याघेण्याचीं कित्येक ॲप्स अशा फोनांत चालण्याचें नाकारतात. घरच्या एकुलत्या एका फोनावर हा प्रयोग करूं नये, असें आम्ही निक्षून सांगतों.

दुसऱ्याच्या फोनाविषयींहि बोललें पाहिजे. विद्या हातीं आली म्हणजे ती वापरून पाहण्याचा मोह होतो. मित्राचा, भावाचा किंवा आईवडिलांचा फोन हातीं आला म्हणून त्याच्या पडवींत शिरून कागद चाळणें हें दुसऱ्याचें पत्र फोडून वाचण्यासारखेंच आहे. खाजगीपणा हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क आहे, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २०१७ सालीं एकमतानें दिला. कायदा नसता तरी सभ्य माणसास हें सांगावें लागूं नये.

शेवटीं, प्रत एकाच ठिकाणीं ठेवणें म्हणजे न ठेवल्यासारखेंच. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेंहि फुटलें, आणि मुठेच्या पाण्यानें नदीकांठच्या पेठा बुडविल्या. त्या एका दिवसांत किती घरचे कागद, वह्या व छायाचित्रें वाहून गेलीं, हें जुन्या पुणेकरांस विचारावें. फोन चोरीस जातो, पाण्यांत पडतो, जुना होऊन बंद पडतो. म्हणून एक प्रत संगणकावर, दुसरी पेनड्राइव्हवर, आणि ती दुसऱ्या घरीं, असा नियम ठेवावा. गूगलच्या खात्यांतील पंधरा गिगाबाइटांची फुकट जागा हीहि एक सोय आहे. परंतु व्हॉट्सॲपचा राखीव सांठा २०२४ पासून त्याच पंधरांत मोजला जाऊं लागल्यानें तीहि लवकर भरते, हें ध्यानीं असावें.

ओव्यांविषयीं बोलतांना आम्हीं त्या मुलास आणखी एक गोष्ट सांगितली. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइत्व्हां ह्या दोघांनीं सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतील बायांच्या तोंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या; त्यांत मुळशी तालुक्यांतील पुष्कळ आहेत. त्यांपैकीं कित्येकांचा आवाजहि जपून ठेविला गेला, आणि आज त्या इंटरनेटवर कोणासहि ऐकतां येतात. ज्या बायांस कोणी लेखिका म्हटलें नाहीं, त्यांचे शब्द टिकले, कारण कोणीतरी ते वेळींच उतरून घेतले व नीट लावून ठेवले.

त्या मुलाच्या आजीचे निरोप आतां शाळेजवळच्या त्याच्या घरीं संगणकावर आहेत, आणि एक प्रत मुळशीस काकांकडे. फाइलींच्या मूळ नांवांपुढें तो आतां आपल्या हातानें विषय लिहीत आहे: “पावसाची खबर”, “म्हैस व्याली”, “ओवी, पहिली”. हें काम मोठ्या इतिहाससंशोधकांच्या जातीचेंच आहे, फक्त दफ्तर लहान आहे.

ह्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें घरच्या फोनांत एकदां त्या पांच पायऱ्या उतरून पाहाव्या, जें जपण्यासारखें असेल त्याची प्रत करावी, आणि मगच कोणतीहि “साफ करा” ही कळ दाबावी, इतकी विनंति करून हा लेख पुरा करतों.